भरल्या कळशीचा शकुन

आम्ही कुठे चांगल्या कामाला निघालो, की आमच्या घरमालकीणबाई आमच्या तोंडावर दार आपटून बंद करीत. हळूच लोटून घेत नसत, चांगलं आपटत. मी नव्या नोकरीवर हजर व्हायला निघालो तेव्हा आपटलं. लग्नानंतर बायकोला घेऊन देवळात निघालो तेव्हा आपटलं. आणि मालतीला दिवस गेले म्हणून डॉक्टरीणबाईंकडे निघालो, तेव्हा तर असं आपटलं की वरची कौलं हलली. "आपण भाडं वेळेवर देतो ना हो?" मालती दर वेळी विचारी. मी म्हणे, "देतो. पण बाईंना आपली तोंडं आवडली नसतील."

बाईंचं नाव रुक्मिणीबाई, पण चामराजपेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे रुक्माक्का म्हणत. त्यांच्या सासरचं कुणीतरी फार मागे महाराष्ट्रातून बंगलोरला आलं आणि इथलंच होऊन गेलं. अक्का घरात मराठी बोलत, पण त्यात अधूनमधून कानडी शब्द असा बेमालूम येई, की आम्हा सातारकरांना कान टवकारून ऐकावं लागे. यजमान वारून पुष्कळ वर्षं झालेली. पुढच्या खोल्यांत त्या एकट्या, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. ही पन्नासच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. कारखान्यातल्या नोकरीसाठी मी नुकताच इकडे आलो होतो.

एके दिवशी अक्कांनी घर विकायचं ठरवलं. त्यांची लेक विमल धारवाडला शाळेत शिक्षिका होती. जावई अचानक गेला, पदरात दोन लहान मुली. विमल राही भाड्याच्या घरात, आणि तिथली घरमालकीण सणावाराला तिला सांगे, "आज सवाष्णी यायच्या आहेत, तुम्ही जरा आत बसा." हे कळल्यापासून अक्का पेटल्या होत्या.

"हे घर विकायचं, धारवाडला विमलला घर घ्यायचं," त्या म्हणाल्या. "तिच्या घरात तिला कोण आत बस म्हणतंय, मी बघते. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत झालं पाहिजे. सरी?"

मी म्हटलं, "बरोबर आहे. वर्तमानपत्रात जाहिरात देऊ या."

"जाहिरातीनं काय होतंय? आधी वास्तुपुरुषानं सोडायला पाहिजे आपल्याला. शास्त्र म्हणजे शास्त्र."

पहिलं शास्त्र मातीचं. घराच्या ईशान्य कोपऱ्यातली मूठभर माती वाहत्या नदीत सोडायची. आता बंगलोरात सगळं आहे, नदी तेवढी नाही. तळी आहेत, पण अक्का म्हणाल्या, "तळ्यातलं पाणी बसलेलं. घर पण तसंच बसून राहील." मी जवळच्या ओढ्याचं नाव काढून पाहिलं, तर ते गटार आहे म्हणून दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. शेवटी मी, यंत्रांचे आराखडे काढणारा इंजिनियर, रविवारी म्हैसूरच्या गाडीनं श्रीरंगपट्टणला गेलो आणि कावेरीत माती सोडून आलो.

"मागे वळून बघितलास काय?" अक्कांनी दारातच विचारलं.

बघितलं होतं. काठावर चपला काढून ठेवल्या होत्या, त्या घ्यायला वळलो होतो. झालं! पुढच्या रविवारी पुन्हा माती, पुन्हा कावेरी. या खेपेला अनवाणी.

मग दारात कोहळा टांगला. काजळानं डोळे आणि झुपकेदार मिशा काढलेला, चांगला डोक्याएवढा. आलेलं पहिलं गिऱ्हाईक उंच निघालं. ते थेट कोहळ्यावर जाऊन आदळलं आणि कपाळावर हळद दाबून घेऊन परत गेलं. "दृष्ट मोठी होती त्याची," अक्का म्हणाल्या, "कोहळ्यानं काम केलं." कोहळा तिथेच राहिला.

पण त्यांचा खरा भरवसा होता तो भरल्या कळशीवर. गिऱ्हाईक गल्लीत शिरलं, की सवाष्णीनं भरली कळशी घेऊन त्याला सामोरं यायचं. हा शकुन झाला की सौदा झालाच म्हणून समजा. गल्लीत हाताशी असलेली सवाष्ण म्हणजे मालती, आणि ती पोटुशी. अक्कांच्या मते हा दुप्पट शकुन. डॉक्टरीणबाईंनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून अक्कांनी मुद्दाम लहानशी कळशी शोधून काढली. मी कोपऱ्यावर उभा राहायचो, दलालाबरोबर माणूस दिसला की खोकायचो. मग मालती डोक्यावर पदर घेऊन गंभीर चेहऱ्यानं निघायची. एकदा एक गृहस्थ तासभर उशिरा आले. मी उन्हात प्रत्येक धोतरवाल्याला बघून खोकत होतो आणि मालती दर वेळी गल्लीतून फेरी मारत होती. शेवटी शेजारच्या बाईंनी मला आल्याचा काढा आणून दिला.

या सगळ्या गडबडीत अक्का स्वतः कुठे दिसत नसत. गिऱ्हाईक यायच्या आधी त्या परसातल्या न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेत. घर दाखवायचं मी. मला वाटे, आत जप चालला असेल.

गिऱ्हाइकं येत, गोड बोलत आणि परत येत नसत. शेवटी दलालच एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, सगळ्या पेठेत झालंय की या घरात पाण्याचा थेंब नाही. पोटुशी बाईसुद्धा दिवसभर बाहेरून पाणी भरते म्हणतात!"

दुसरी कुणी असती तर कळशी माळ्यावर टाकली असती. अक्कांनी ती चिंचेनं घासून आणखी लख्ख केली. "लोक बोलतात त्याला शास्त्र काय करणार?" मे सरत आला तसा मात्र त्यांचा आवाज उतरत गेला. विमलच्या घरमालकिणीनं खोली सोडा म्हणून सांगितलं होतं.

आणि अशात, अमावास्येच्या रविवारी, टळटळीत दुपारी, दलाल नाही, निरोप नाही, एक वयस्कर गृहस्थ फाटक उघडून आत आले. यशवंतपूरला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. मालती झोपली होती. अक्का अंगणातल्या नळावर कळशी घासत बसल्या होत्या. लपायला जागाच नव्हती. गृहस्थांनी पाणी मागितलं. अक्कांनी मान खाली घालून नळ सोडला, धो धो धार आली, कळशी भरली. ते प्यायले, तोंड धुतलं, पुन्हा प्यायले आणि मला म्हणाले, "घर बघायला आलोय. पाणी नाही म्हणून ऐकलं होतं!" मी घर दाखवलं. उद्या येतो म्हणून ते गेले.

मी आनंदानं परसात धावलो. अक्का धुण्याच्या दगडावर बसून रडत होत्या.

"गेलं रे घर, माधवा."

"अहो, का?"

"अमावास्या, आणि त्यानं पहिलं तोंड बघितलं ते माझं. बिनकुंकवाचं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्हणून तर मी न्हाणीत जाऊन बसते. तुम्ही दोघं चांगल्या कामाला निघालात की दार लावते. जोरात लावते, म्हणजे तुम्हाला कळावं, अक्का आत गेली, आता खुशाल निघा."

लेकीला आत बस म्हणणाऱ्या बाईवर चिडून घर विकायला निघालेल्या अक्का, आणि स्वतःला मात्र इतकी वर्षं आपल्याच हातानं आत बसवत आलेल्या. मला त्यांचा रागही आला आणि फार फार वाईट वाटलं. मागे वळून पाहिलं तर मालती उठून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती काहीच बोलली नाही, आणि मालती बोलली नाही की तिनं काहीतरी ठरवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ नारळ घेऊन आले आणि सौदा ठरला. आम्ही भाडेकरू म्हणून राहायलाही त्यांची हरकत नव्हती. अक्का म्हणाल्या, "कावेरीनं ऐकलं. दुसऱ्या खेपेला."

अक्का धारवाडला निघाल्या त्याच सकाळी मालतीनं बाळंतपणासाठी साताऱ्याला निघायचं ठरवलं. दिवस तिनंच धरला, मला नुसता कळवला. इथे जटका म्हणतात ते दोन टांगे दाराशी उभे होते. मालती पायऱ्यांशी आली मात्र, अक्का सवयीनं आत सरल्या आणि त्यांनी दाराला हात घातला.

मालतीनं उंबऱ्यावर पाय ठेवला. "अक्का, दार आता तुमचं नाही. नव्या मालकांचं आहे. आपटू नका."

मग तिनं भरलेली कळशी त्यांच्या हातात दिली. "फाटकापासून माझ्यासमोर या. त्याशिवाय मी निघणार नाही."

"बेडा, पोरी, नको. पहिलटकरीण आहेस. माझं ऐक."

"शास्त्र म्हणजे शास्त्र," मालती म्हणाली.

"तुझी गाडी चुकेल."

"चुकू दे. तुमचीही चुकेल."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी वळकटीचा पट्टा आवळत बसलो. मग अक्कांनी पदर खोचला, कळशी कमरेवर घेतली, फाटकापर्यंत गेल्या आणि वळल्या. सावकाश पाऊल टाकत येऊ लागल्या, डोळे भरलेले, पण मान वर. मी ट्रंक घेऊन नेमका वाटेत उभा होतो.

"स्वल्प बाजूला हो रे," अक्का मला म्हणाल्या. "मला तिच्या समोरून जायचंय."