गंगाधर अण्णांचं नाक

गंगाधर अण्णा वाइन पारखायचे, पण तिचा एक थेंबही गिळायचे नाहीत. घोट तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि चालू लागायचं. चव दारापर्यंत टिकली तर वाइन बरी. बाहेर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरपर्यंत टिकली तर "लय भारी". एकदा अण्णा ट्रॅक्टर ओलांडून थेट फाटकापर्यंत गेले, तेव्हा वायनरीच्या मालकांनी त्या टाकीतली वाइन मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवली.

"गिळत का नाही, अण्णा?" मी विचारलं होतं.

"पोटात गेली की ती बोलते. तोंडात हाय तोवर मी बोलतो."

दिंडोरी रस्त्यावरची आमची वायनरी लहानशी होती. नाशिकला तेव्हा हा धंदाच नवा. अण्णा टाक्या धुणारे कामगार. मी सातपूरचा, रसायनशास्त्राचा पदवीधर, वर तीन महिन्यांचा वाइनचा कोर्स केलेला. कागदोपत्री पारखी मीच. पण शिकलो ते अण्णांकडून. पेला पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीपुढे धरून रंग बघायचा. मग पेला गरगर फिरवायचा आणि नाक सरळ आत घालायचं. "नुसत्या गोडीला भुलू नका. गोड, आंबट, तुरट तिघं एका घरात भांडण न करता राहिले, तर ती चांगली."

मी वहीत लिहायचो, 'ब्लॅककरंट'. ते फळ मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"करवंद म्हणा की, साहेब. लाज वाटते काय?"

वाटायची. खरं तर अण्णांचीच वाटायची. पाहुणे आले की मी त्यांना काहीतरी काम सांगून मागे पिटाळायचो.

एकदा मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलचे लोक आमची वाइन चाखायला आले. मालक गावाला गेलेले, माणसं कमी, म्हणून बाटल्या उघडायला अण्णांनाच घेतलं. तिसऱ्या बाटलीचं बूच नाकाशी धरून ते माझ्या कानाशी आले.

"साहेब, ही देऊ नका. भिजल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय."

बूच खराब निघालं की वाइनला तसा वास लागतो. मलाही तो पेल्यातून आला होता. पण पाहुण्यांतले मोठे साहेब पहिला घोट घेऊन "वा!" म्हणून बसले होते. त्यांना खोटं कसं पाडायचं?

"काय म्हणतायत हे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही सर. ह्यांना पुठ्ठ्याचा वास येतोय. जन्मभर खोकीच उचलली ना!"

सगळे हसले. अण्णाही हसले आणि रिकामे पेले उचलायला लागले.

पाहुण्यांतल्या कुणाला तरी तो वास खटकलाच होता. दोन दिवसांनी हॉटेलातून मालकांना फोन आला की तुम्ही आम्हाला खराब बाटली पाजलीत. मालकांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "ही पुढे कोणी केली?"

मी फरशीकडे बघत राहिलो.

"उघडली मीच, मालक," अण्णा म्हणाले. "सर्दी होती. वास कळला नाय."

मालकांनी त्यांना टाक्यांवरून काढून बागेत फवारणीला लावलं. ते नाक दिवसभर औषधाच्या फवाऱ्यात. संध्याकाळी लाल झालेल्या डोळ्यांनी परत यायचे आणि मला बघून हात वर करायचे. आठ दिवस मी त्या हाताला हात वर करून उत्तर दिलं. नवव्या दिवशी ते कामावर आलेच नाहीत, तेव्हा मात्र मी मालकांसमोर सगळं ओकलो. मालक म्हणाले, "जा. तूच घेऊन ये त्यांना."

अण्णा त्यांच्या घराच्या ओसरीत बसले होते. डोळे अजून सुजलेले. मी पाठ केलेली माफी अर्धीच झाली असेल.

"येतो की उद्या. जेवून जा आता."

सरूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तीन ताटं वाढली. पहिला घास घेतला आणि अण्णा बोलायला लागले, "सरू, मेथी आज कोवळी हाय. आधी कडू लागते, मग मागून लसूण येतो. भाकर एका अंगाला करपली, पण वास खमंग सुटलाय." काकू मान डोलावत सावकाश चावत होत्या. मी दोघांकडे बघत राहिलो.

काकू हसल्या. "मी गाडीवरून पडले, डोक्याला मार लागला. तवापासून मला वास नाय, चव नाय. बारा वर्षं झाली. ह्यांनी सांगितलं की मग जेवल्यासारखं वाटतं."

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी अण्णांना हाक मारली. ते हात धुऊन गेले. काकूंनी आमटीत भाकरी बुडवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही पण पारखी ना? हे लय कवतिक करतात तुमचं. सांगा बरं, आमटी कशी झालीय?"

मी एक घोट घेतला.

"छान झालीय."

"छान म्हंजी कशी?"

आणि घास तसाच हातात धरून त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.