भास्करसरांची पाचची बॅच

अन्याय भास्करसरांवर झाला. गेल्या सोमवारी, भर दुपारी, परभणीत. कॉम्प्युटर क्लासच्या मालकानं त्यांची 'जावा' या संगणकभाषेची पाचची बॅच बंद केली. कारण काय, तर म्हणे, "सर लय हळू शिकवायलेत!"

हळू? ज्या माणसानं बहिणीच्या लग्नात कढीच्या बादलीवर '@फक्तकढी' अशी चिठ्ठी चिकटवली, तो हळू नाही, सावध आहे! वरणाच्या बादलीला चिठ्ठी, पाण्याच्या पिंपाला चिठ्ठी. आचाऱ्याची पाठ तेवढी सुटली. तरी एका वाढप्यानं कढीच्या बादलीत खीर ओतायला घेतलीच. सरांनी त्याचा हात धरला. आचारी ओरडला, "मास्तर, पंगत बसली, सोडा की!" सर हलेनात. म्हणाले, "चूक पंगतीत कळण्यापरीस चुलीपाशी कळलेली बरी."

वर्गातही हेच वाक्य. वेबपानाचा कोड लिहिताना प्रत्येक गोष्टीच्या डोक्यावर @ लावून सूचना द्यायची: इथं फक्त आकडा चालेल, इथं फक्त तारीख. त्याला अ‍ॅनोटेशन म्हणतात. मग कुणी मालाच्या भावाच्या जागी गावाचं नाव जोडलं, की पान लोकांपुढं जाण्याआधीच संगणक अडून बसतो.

ताडकळस गावची रुबिना बाजारभावाचं पान करताना सूचना न लिहिताच मोकळी झाली. वर वैतागली, "सर, पान तर दिसायलंय! अजून काय पायजे?"

"दिसायलंय गं माय. पण तुझ्या पानावर कापसाचा भाव 'ताडकळस' हाय. क्विंटलला किती ताडकळस मोजायचे?"

अख्खी बॅच हसली. रुबिना सगळ्यांत जास्त.

मालकाला मात्र घाई. त्यानं 'पंधरा दिवसांत वेबसाइट' अशी पाटी लावली. आणि चुका? "लोक फोन करतील की!" का करावा लोकांनी फोन? चूक तुमची आणि धावपळ त्यांची?

हाच जाब विचारायला मी, सरांचा शेजारी, मंगळवारी पाचला क्लासवर गेलो. आत नवी बॅच भरली होती. सर बाहेर व्हरांड्यात, रिकाम्या खुर्च्या फडक्यानं पुसत होते.

"सर, बॅच बंद झाली ना?"

"हाव. पण रुबिनाला निरोप भेटला नसंल तर? एवढ्या लांबून येती लेकरू. आल्यावर कोन्हीच दिसलं न्हाई तर बरं वाटत न्हाई."

निरोप सगळ्यांना मिळाला होता. सरांनीच दिला होता.

मग त्यांनी मलाच बसवलं आणि तासभर शिकवलं. मला ओ की ठो कळलं नाही, पण सरांचा चेहरा असा खुलला की उठवेना. निघताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "उद्या येतूस का?"

मालक म्हणतो, पाच जण आणा, बॅच सुरू करतो. मी एक. रुबिनाला फोन केला, ती दोन. आता तुम्ही! वाचून हळहळू नका. उद्या पाचला व्हरांड्यात या. जावा येत नाही? मलाही येत नाही. या आणि बसा.