सदतिसावा प्रवासी

माप घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही. अठरा वर्षं शिवणकाम करते आहे. माणूस दारातून आत आला की त्याची कंबर मला कळते, त्याला स्वतःला कळायच्या आधी. आणि अशा बाईच्या पोटची पोर गणितात पंचवीसपैकी सहा गुण आणते! पंधरा दिवसांनी फेरपरीक्षा होती. त्यात नापास झाली की मैत्रिणी पुढच्या वर्गात आणि ही तिथेच.

मी तडक शाळेत गेले. गणिताच्या बाई साठ वह्यांच्या ढिगामागे बसल्या होत्या.

"तुम्ही शिकवता तरी कसं?" मी विचारलं.

"एक उदाहरण फळ्यावर सोडवते. बाकीची उदाहरणं मुलं घरी सोडवतात."

"आणि नाही आली तर?"

"क्लास लावायचा."

लावला. क्लासचे सर म्हणाले, "हा धडा शाळेत झालाच असेल, आपण पुढचा घेऊ." म्हणजे शाळा क्लासकडे बोट दाखवते, क्लास शाळेकडे, आणि माझी पोरगी मधल्या मध्ये. चार दिवसांत माझं डोकं फिरलं.

"उद्यापासून मी शिकवणार," मी घरात जाहीर केलं.

"अगं, पण तू स्वतः सातवीत गणितात..." नवरा म्हणाला. त्याचं वाक्य मी तिथेच तोडलं.

कापड बेतायच्या टेबलावर शाळा भरली. परिमिती म्हणजे झग्याचा घेर, अपूर्णांक म्हणजे पाव, अर्धा, पाऊण इंच. पोरगी खडूने आखायची, टेपने मोजायची, चुकलं की पुसून पुन्हा. दहा दिवसांत तिचा हात असा चालायला लागला की मला भरून आलं. एक नियम मात्र मी घोटून घेतला. शिलाईसाठी थोडं कापड जास्तीचं ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. नेमक्या मापावर कधी थांबायचं नाही, माया सोडायचीच.

परीक्षा झाली. पोरगी हसत बाहेर आली. तिसऱ्या दिवशी मला शाळेतून बोलावणं आलं.

बाईंनी पेपर पुढे सरकवला. "कुंपणाला तार लागते एकशे चाळीस मीटर. हिने लिहिलंय एकशे बेचाळीस."

"कमी पडण्यापेक्षा बरं," मी म्हणाले.

"टाकीत पाणी साठ लिटर. हिचं एकसष्ट."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला होता.

"आणि बसमध्ये प्रवासी छत्तीस. हिने सदतीस केलेत. शेजारी लिहिलंय, एक माया."

"असेल एखादा उभा," मी पुटपुटले.

"सगळी उत्तरं चूक. मी काय गुण देऊ?"

मी खुर्ची ओढली आणि ठाण मांडून बसले. "उत्तरं राहू द्या. वरच्या ओळी वाचा, एकेक करून. वाचून होईपर्यंत मी हलणार नाही."

बाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. दुसऱ्या पानावर त्यांचं लाल पेन खाली आलं. "रीत सगळीकडे बरोबर आहे हो. आणि इतकी स्वच्छ तर वर्गात कुणाचीच नाही." त्यांनी रीतीचे गुण मांडले. पंचवीसपैकी चौदा. पास!

मी पदर खोचून उठले. "बघा, क्लासची गरज नव्हतीच."

"तिला नाहीच," बाई म्हणाल्या. "तुम्ही मात्र लावा."

लावलाय. टेबलाच्या पलीकडे लाल पेन घेऊन लेक बसते, अलीकडे मी. काल बसमध्ये बरोबर छत्तीस प्रवासी बसवले. सदतिसाव्याला खाली उतरवताना जरा जिवावर आलं.