‘आपला माणूस’ पिन परत करण्याची रीत

परक्या माणसाला आपलंसं करण्याचे जगात दोनच मार्ग आहेत. एक, त्याला आपलं म्हणणं. आणि दोन, आपण त्याला आपलं म्हणतो असं लेखी देणं. पहिल्या मार्गाला शिक्का लागत नाही, टिपण लागत नाही, दोन प्रती लागत नाहीत. त्यामुळे कोणत्याही जबाबदार सरकारला तो वापरता येत नाही. ही गोष्ट ज्या देशातली आहे, तिथलं सरकार तर अतिशय जबाबदार होतं. त्याने या कामासाठी ‘मानद आपुलकी विभाग’ नावाचं स्वतंत्र खातंच उघडलं होतं. (कर्मचारी एकोणतीस. पैकी आपुलकीने वागणारे दोन, दोघेही हंगामी.)

देशात राहणाऱ्या परकीयांतून लायक माणसं निवडायची आणि त्यांच्या छातीवर पिन लावायची, हे विभागाचं मुख्य काम. पिन कोटाच्या बटणाएवढी, निळी, कडेने सोनेरी रेघ, आणि मधोमध अक्षरं : ‘आपला माणूस’. अशा पिना तोवर चारशे बारा जणांना दिलेल्या होत्या. वार्षिक अहवालानुसार पिनधारकांपैकी अठ्ठ्याण्णव टक्के समाधानी होते. उरलेल्या दोन टक्क्यांना प्रश्न कळला नव्हता.

चारशे तेरावी पिन एका लिफ्टच्या मिस्त्रीला मिळाली.

हा मिस्त्री सतरा वर्षांपूर्वी बायकोला घेऊन त्या देशात आला. मुलगी तिथेच जन्मली. शहरातल्या एकशे चाळीस लिफ्ट त्याच्या हाताखालच्या. कोणती कुठे कुरकुरते, कोणतीला दार लावताना ढोपराने ढोसावं लागतं, हे त्याला तोंडपाठ होतं. पण राहण्याचा परवाना मात्र एकेका वर्षाचा. परवान्याचा महिना आला की बायको दोन बॅगा भरून पलंगाखाली सरकवून ठेवायची आणि शिक्का बसला की कपडे परत कपाटात लावायची. यात वेडेपणा काही नव्हता. ती हॉस्पिटलच्या शिवणखोलीत चादरी आणि गाऊन शिवायची. आदल्या वर्षी तिच्या शेजारच्या मशीनवरच्या बाईचा परवाना नाकारला गेला आणि तिला निघायला नऊ दिवस मिळाले. अर्धी टीप मारलेली चादर मशीनवर तशीच राहिली होती. त्या घराला एकाच गोष्टीची आस होती : नागरिकत्व. तिघांचा मिळून एकच अर्ज होता आणि तो नऊ वर्षं कुठल्यातरी टेबलावर पडून होता.

अशात एक उपमंत्री लिफ्टमध्ये अडकले. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये, चाळीस मिनिटं. मिस्त्री आला, दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाला, “ओ साहेब, सगळी बटणं बडवत बसू नका. खाली बसा गप.” साहेब गप बसले. मिस्त्रीने वर मशीनच्या खोलीत जाऊन हाताने चाक फिरवलं आणि लिफ्ट चौथ्या मजल्याला आणून लावली. मानपत्रात या संवादाची नोंद ‘संकटसमयी दिलेले आपुलकीचे मार्गदर्शन’ अशी झाली. उपमंत्र्यांना गप बसायला सांगणारा माणूस त्या देशात तोवर निघालेला नव्हता, हेही खरंच.

पिनेबरोबर सेहेचाळीस पानी नियमावली आली. पिन डाव्या बाजूला, कॉलरच्या खाली चार बोटं. बोटं धारकाची, धारकाला बोटं कमी असल्यास जोडीदाराची. पिन नेहमी सगळ्यांत वरच्या कपड्यावर हवी, म्हणजे घरातून बाहेर पडताना शर्टावरची कोटावर आणि थंडी असेल तर कोटावरची ओव्हरकोटावर. (आंघोळीबाबतचा खुलासा मागवला आहे.) आणि तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात : हा सन्मान केवळ परकीयांसाठी असून, धारक खरोखरच आपला झाल्यास त्यास ‘आपला माणूस’ म्हणवून घेता येणार नाही.

तिसरं पान मिस्त्रीने वाचलं नाही. कोण वाचतं?

पिन लागली आणि त्याचा भाव असा वधारला की विचारू नका. बँकेत खुर्ची मिळू लागली. पाववाली बाई आधी पाव काउंटरवर आदळायची, ती आता कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी द्यायला लागली. सतरा वर्षांत त्याच्या भाषेचं कुणी कौतुक केलं नव्हतं, कारण ती चांगली होती, आता नुसतं “दार लावा” म्हटलं तरी लोक म्हणत, “वा, किती छान बोलता.” आणि स्वतः मात्र त्याच्याशी एकेक शब्द सुटा करून, जरा मोठ्याने बोलत. पिनेआधी तो परका आहे हे रस्त्यात कुणाच्या ध्यानातही येत नसे. आता ते वीस पावलांवरून वाचता येऊ लागलं. विभागाच्या दृष्टीने हे योजनेचं यशच होतं.

मिस्त्री हरखून गेला होता. रोज सकाळी पिनेला फडकं मारायचा. आरशासमोर उभा राहून बोटं मोजायचा.

“बाबा, एक बोट खाली गेलीय,” मुलगी म्हणायची, आणि हा खरंच पुन्हा मोजायचा.

आठ महिन्यांनी पत्र आलं. नागरिकत्वाचा अर्ज मंजूर. तिघांचाही. तीस दिवसांच्या आत सात नंबरच्या खिडकीवर येऊन पिन जमा करावी. न केल्यास धारकास पिन अधिक प्रिय आहे असे समजून अर्ज कुटुंबासह निकाली काढण्यात येईल.

बायकोने पत्र दोनदा वाचलं आणि पलंगावर बसून रडली. आनंदाने रडली, हे सांगायला हवं, कारण मिस्त्रीच्या चेहऱ्यावरून तसं कळलं नसतं. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

“यात विचार करण्यासारखं काय आहे?” तिने विचारलं.

“विचार नाही गं. म्हणजे, तीस दिवस दिलेत ना. मग आजच कशाला?”

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. विभागाची आकडेवारी त्याच्याच बाजूची होती. आजवर एकोणीस पिनधारकांना असं पत्र गेलं होतं आणि एकोणीसच्या एकोणीस जणांनी पिन ठेवून घेतली होती. (अहवालात हे प्रकरण ‘आपुलकीचा विजय’ या मथळ्याखाली आहे.) मिस्त्रीने कागदावर दोन रकाने पाडले. पिनेच्या बाजूला बँकेतली खुर्ची, दोन्ही हातांनी मिळणारा पाव, उपमंत्र्यांबरोबरचा फोटो. नागरिकत्वाच्या बाजूला त्याने लिहिलं : ‘राहता येईल.’ लिहून झाल्यावर त्याला ते फारच साधं वाटलं.

बायकोने तो कागद पाहिला आणि तिचा पारा चढला. “लोक तुम्हांला खुर्ची देतात, कारण पाहुणा बसतो आणि उठून जातो. मला उठून जायचं नाहीये. पोरीला तर कुठे जायचं तेही माहीत नाही. ती दुसरीकडे राहिलीच नाही कधी.”

तिचं बरोबर होतं, हे मिस्त्रीला कळत होतं. आणि तेच त्याला नको होतं.

पंचवीस दिवस असे गेले. सव्विसाव्या दिवशी जे घडलं त्याला कारण झाले खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर. निवृत्त, विधुर, आवाज खणखणीत. मिस्त्रीची सायकल जिन्याखाली जराशी तिरकी लागली की मास्तर वरपर्यंत ऐकू जाईल असे भांडायचे. “जिना काय तुझ्या बापाचा आहे?” “बापाचा असता तर तुम्हांला भाड्याने दिला असता का?” असं बारा वर्षं, दर रविवारी, नेमाने. पिन लागल्यापासून मास्तर भांडलेच नव्हते. ही शांतताही मिस्त्रीने पिनेच्याच रकान्यात लिहिली होती.

त्या रविवारी मास्तर तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाव्याशी पायपुसण्यावरून कडाकडा भांडत होते. मिस्त्री जिन्यात उभा राहून ऐकत राहिला. न्हावी अगदीच पुचाट निघाला. एकही उत्तर धड देईना. मिस्त्रीच्या जिभेवर चार-चार उत्तरं आली आणि विरून गेली, कारण विचारतंय कोण? त्याने खाली जाऊन आपली सायकल चांगली जिन्याच्या तोंडाशी आडवी लावली आणि वाट बघत उभा राहिला.

मास्तर आले. सायकल पाहिली. पिन पाहिली. सायकल दोन्ही हातांनी उचलून नीट भिंतीला लावली, खिशातल्या रुमालाने सीट पुसलं आणि मोठ्याने, सुटं सुटं म्हणाले, “काही, हरकत, नाही. आपल्याच, देशात, आहात.”

“मास्तर, शिव्या द्या हो,” मिस्त्री म्हणाला. “आडवी लावलीय मी. मुद्दाम.”

मास्तरांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “नाही रे बाबा. तुमच्या नियमावलीत आहे. पिनधारकाशी उद्धट बोलल्यास दंड. पान एकेचाळीस.” आणि ते हळूच घरात गेले. जाताना दारसुद्धा त्यांनी आपटलं नाही.

सोमवारी सकाळी सात नंबरच्या खिडकीवर तिघंही हजर. पिन पाहताच खिडकीतला कारकून अर्धा उठला. या, बसा, पाणी घेणार का, प्रवासात त्रास नाही ना झाला? (घर चार चौक पलीकडे होतं.) खुर्ची आली. मग एक छापील अर्ज आला : ‘मला यापुढे आपुलकीची आवश्यकता नाही.’ खाली सही. मिस्त्रीने सही केली. मग पिन काढायला हात वर नेला आणि हात काही पुढे सरकेना. बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पण मदत केली नाही. तिने फक्त मुलीचा हात घट्ट धरला. त्या हातांकडे बघत मिस्त्रीने पिन काढली आणि काउंटरवर ठेवली.

कारकुनाने ती ड्रॉवरमध्ये टाकली. ड्रॉवर बंद केला. चष्मा कपाळावर नेला.

“उठा. खुर्ची पिनधारकांसाठी आहे. अर्जाची दुसरी प्रत कुठाय? नाही? मग आलात कशाला इथे नाचत? बाहेर एवढी मोठी पाटी लावलीय, ती काय भिंत चांगली दिसावी म्हणून? प्रत काढून आणा आणि रांगेत उभे राहा. मधे घुसायचं नाही.”

हे सगळं तो एका दमात, भराभर, अर्धे शब्द गिळून बोलला.

मिस्त्री उठला. बायकोकडे वळला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. “ऐकलंस?” तो म्हणाला. “एकही शब्द सुटा केला नाही.”

“ऐकलं,” ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. “चला, रांग वाढतेय.”

प्रत काढून ते रांगेत लागले. पुढे बासष्ट माणसं. मिस्त्रीने पाचच मिनिटांत पुढच्या माणसापाशी सरकारच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. पुढच्या माणसाने त्याची भाषा वाखाणली नाही, वळूनसुद्धा पाहिलं नाही, नुसतं “अहो, यांना काही लाज आहे का?” म्हणून आणखी दोन खाती मोडीत काढली. तीन तास उभं राहावं लागलं. इतका सुखाचा दिवस त्या कुटुंबाने सतरा वर्षांत पाहिला नव्हता.

वाचकहो, हा सन्मान तुम्हांला जन्मतःच मिळालेला आहे. अर्ज नाही, मानपत्र नाही. नुसतं रांगेत उभं राहिलं की कुणीतरी खेकसून कळवतं की तुम्ही इथलेच. त्या दिवशी मिस्त्रीने रांगेत पुढेमागे नीट निरखून पाहिलं. तुम्ही कुठे दिसला नाहीत. तुमचं काम, कळलं, मागच्या दाराने सकाळीच झालं होतं. साहेबांनी तुम्हांला खुर्चीसुद्धा दिली होती.