मावशीची दुपारची भरारी

पोकुआ मावशी घोरते, हे कुमासी शहरातल्या त्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मावशीला. तिच्याकडे राहून कॉलेजात शिकणाऱ्या अफ्रियेनं मात्र त्या घोरण्याचं सोनं केलं. परीक्षेसाठी तिनं एक व्हिडिओ गेम बनवला. त्यात एक बाई झोपते, स्वप्न पाहते आणि माइकसमोर कुणी घोरलं की हवेत उडते. बाईचा चेहरा मावशीचा आणि नमुन्याचं घोरणंही मावशीचंच, चोरून टिपलेलं.

"ज्यांचा चेहरा नि आवाज, त्यांची सही आण," दानक्वा सरांनी बजावलं. "सहीशिवाय मार्क नाहीत."

अफ्रियेच्या गेममधली बाई तर रात्री उडायची. रात्री उडणाऱ्या बाईला तिथं काय म्हणतात, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि मावशी तर चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष! अफ्रियेनं घाईघाईनं गेममधला चंद्र काढून सूर्य टांगला. भरदुपारी उडणाऱ्या बाईला कोणी चेटकीण म्हणत नाही.

परीक्षेला मावशी ठेवणीतले कपडे घालून, सरांसाठी पानात बांधलेला चवळीभात घेऊन आली. केजेटिया बाजारावरून स्वतःला उडताना पाहून तिची कळी खुलली.

"अगं, मीच की ही! डोईचा रुमालसुद्धा ढळला नाही बघ. पण मध्येच हे डुक्कर कुठून आलं?"

"मावशी... तू घोरतेयस."

"मी? चर्चमध्ये तीस वर्षं गाणारा गळा हा! त्यापेक्षा चेटकीण म्हणाली असतीस तर चाललं असतं. नाही करत सही, जा!"

मावशी फुगून खुर्चीत बसली. सरांनी आग्रहानं तिलाही चवळीभात खायला लावला. त्यात वीज गेली, पंखा थांबला. पाचव्या मिनिटाला मावशीची मान कलली. लॅपटॉप बॅटरीवर होता, माइक चालूच होता. पडद्यावरची मावशी बाजार ओलांडून थेट चर्चच्या मनोऱ्यावर गेली. इतक्या उंच वर्गातलं कोणीच गेलं नव्हतं.

आणि स्वतःच्याच आवाजानं मावशी दचकून जागी झाली. "कोण घोरत होतं?"

अफ्रियेनं डोळे मिटून घेतले. वर्षाची मेहनत गेली.

सर खाकरले. "माफ करा मावशी. मला जरा डुलकी लागली."

"म्हणजे गेममधलंही...?"

"माझंच," सर मान खाली घालून म्हणाले.

मावशीचा राग विरघळला. "आधी नाही का सांगायचं? आण गं तो कागद. होऊ दे माझ्या नावावर. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर नको." तिनं झोकात सही ठोकली.

दाराशी जाऊन ती वळली. "आणि सर, कुशीवर झोपत जा. बायको बिचारी बोलत नसेल."