ओळखलं का, काका?

अनोळखी माणूस ही निसर्गातली अत्यंत दुर्मिळ वस्तू आहे. मोठ्या शहरांत ती अजून घाऊक प्रमाणात सापडते म्हणतात. आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातून मात्र ती केव्हाच नामशेष झाली. खोटं वाटत असेल तर सौंसरच्या स्टँडवर छिंदवाड्याच्या बसमध्ये बसून पाहा. शेजारचा इसम विचारेल, "कोणत्या गावचे?" मग, "कोणाच्या घरचे?" आणि मग, "मामा कुठचे?" रामाकोना यायच्या आत सदर इसम तुमच्या आत्याच्या जावेचा मावसभाऊ निघालेला असतो आणि तुमच्याच पिशवीतलं संत्रं सोलून तुम्हालाच आग्रह करत असतो. (बिया तुमच्याच हातावर.)

ही तीन प्रश्नांची पद्धत अचूक आहे. तिच्यातून नातं निघालं नाही असं आजवर झालेलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जत्रेच्या जुन्या प्रथेप्रमाणे, आम्ही पांढुर्ण्याचे लोक आणि नदीपलीकडचं सावरगाव एकमेकांना दगड मारतो, तेव्हासुद्धा समोरचा आपला कोण लागतो हे पक्कं माहीत असतं. परक्या माणसाला दगड मारण्याइतके आम्ही असंस्कृत नाही.

अशा प्रदेशात इंटरनेट आलं आणि पाठोपाठ सूचना आली की ऑनलाइन अनोळखी माणसांपासून सावध राहा. सूचनेला आमचा विरोध नव्हता. अडचण एवढीच होती की सराव करायला अनोळखी माणूस आणायचा कुठून? या प्रश्नाचा सखोल विचार करण्यासाठी आमच्या 'संत्रा कॉलनी परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपने ऑनलाइन सुरक्षा व सौजन्य समिती स्थापन केली. अध्यक्ष अनिलराव, कृषी खात्यातून निवृत्त, घसा अजून नोकरीत. उपाध्यक्ष त्यांच्या पत्नी विजयाताई, गणिताच्या माजी शिक्षिका. सचिव मी. (माझी वेगळी ओळख करून द्यायला नको, तुम्ही आपलेच आहात.)

समितीने पहिल्याच बैठकीत सर्वानुमते नियम केले. अनोळखी माणसाशी बोलू नये. मात्र तो अनोळखी आहे याची आधी खात्री करावी, आणि ती बोलल्याशिवाय होत नाही म्हणून सविस्तर बोलावं. प्रत्येक 'शुभ सकाळ'ला उत्तर द्यावं. न दिल्यास सभासद आजारी आहे असं समजून समिती घरी येईल आणि चहा घेईल. हात जोडल्याचं चित्र टाकल्याशिवाय कोणीही कोणाला नालायक म्हणू नये. आणि सर्वांत महत्त्वाचं: फोनवर येणारा सहा आकडी कोड परक्या माणसाला कदापि देऊ नये.

पहिल्याच महिन्यात ग्रुपवरच्या सौजन्यात दोनशे टक्के वाढ झाली. (आधी ते शून्य होतं. गणित विजयाताईंनी केलं आहे.)

या सुवर्णकाळात अनिलरावांची एकुलती एक मुलगी हिमानी हिचं लग्न जमत होतं. ती सौंसरला रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते. मुलगा मयूर, तिथल्याच शाळेत मास्तर. दोघांची ओळख फोनवरच्या गप्पांतून झाली होती, पण कशी, ते ऐका. या मुलीने कित्येक महिने त्याला आडनाव सांगितलं नाही, फोटो पाठवला नाही, घर कुठे आहे याचा पत्ता लागू दिला नाही. व्हिडिओ कॉलवर तोंड पाहून घेतलं, शाळेत फोन करून या नावाचा मास्तर खरंच आहे का हे विचारलं, आणि पहिली भेट भर दुपारी, स्टँडजवळच्या हॉटेलात, मैत्रीण श्रुतीला शेजारच्या टेबलावर बसवून. एवढं करून मामा कुठचे हे विचारलंच नाही! समितीने या निष्काळजीपणाबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली.

तरीही मुलगा चांगला निघाला, हा योगायोग.

आता मयूरचे वडील मोरेश्वरराव अनिलरावांना मेसेज करून घरी येण्याचा दिवस ठरवणार होते. त्या सकाळी कामावर निघताना हिमानी उंबऱ्यात थांबली. "बाबा, मयूरचे बाबा कमी बोलते. त्याहिच्याशी नीट बोलजा. कधी काही मांगितलं नाही मी तुम्हाले. एवढं एक करा माह्यासाठी." अनिलरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी चष्मा पुसून फोन हातात घेतला.

त्या दिवशी दोन नव्या नंबरांवरून दोन मेसेज आले. पहिला होता: "ओळखलं का, काका?"

हा प्रश्न आमच्याकडे साधा नाही. ओळखलं का म्हणून विचारणाऱ्याला 'नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या बारशाला जेवून त्याला विसरणं. असा आळ आमच्याकडे कोणी अंगावर घेत नाही. अनिलराव घाईघाईने म्हणाले, "अबे, रामाकोन्याच्या शालिकरामचा का तू?"

"हो काका! बरोबर ओळखलं."

"विशाल ना?"

"विशालच, काका."

"पाहा!" अनिलराव आम्हाला म्हणाले. "नुसत्या मेसेजवरून ओळखलं. काय लपते का रक्त!" मामा कुठचे, हेही अनिलरावांनीच विचारलं, अनिलरावांनीच सांगितलं, आणि विशालने ते मान्य केलं. पडताळणी शंभर टक्के यशस्वी. लगोलग त्याला ग्रुपमध्ये सन्मानाने घेण्यात आलं.

दुसरा मेसेज होता: "नमस्कार. मी मोरेश्वर, सौंसर. मयूरचा बाप. बोलायचं होतं."

इथे समितीचा अनुभव कामी आला. नाव काय, कोणीही सांगते. शिवाय मुलाकडचा माणूस, मध्यस्थ न पाठवता, स्वतःहून, तेही 'नमस्कार' असं पूर्ण लिहून? दाल में काला दिसत होता. अनिलरावांनी पद्धतशीर विचारणा केली: रामाकोन्याचे शालिकराम तुमचे कोण?

"कोणी नाही."

मामा कुठचे?

"मामा नाही. आई एकटीच होती तिच्या बापाले."

मामा नसलेला माणूस! बाप्पा, आमच्या हयातीत असा पाहिला नव्हता कोणी. विजयाताई पुटपुटल्या, "माय वं, किती बेशरम खोटं." त्यात सदर इसमाने वर लिहिलं, "तुम्ही तरी अनिलरावच कशावरून? आजकाल फसवणूक भल्ली वाढली. एकदा आवाज ऐकवा." झालं! चोराच्या उलट्या बोंबा.

त्याला तत्काळ ब्लॉक करण्यात आलं. त्याच्या फोटोभोवती लाल गोल काढून 'सावधान, हा भामटा आहे, गैरसमज नसावा' असा मजकूर आणि हात जोडल्याचं चित्र घालून तो जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रुपांवर पाठवला. समितीचं काम इतकं चोख की संध्याकाळच्या आत तो फोटो सौंसरला मोरेश्वररावांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पोचला.

हिमानी घरी आली ती रडतच. "बाबा, ते खरंच मयूरचे बाबा होते! काय करून ठेवलं तुम्ही हे? ते म्हणून राहिले, अशा घरची पोरगी नको. मयूरले घरात बोलू देऊन नाही राहिले. माफी मांगा त्याहिले, बाबा, आत्ताच्या आत्ता!"

अनिलराव फोन हातात घेऊन बराच वेळ बसले. 'क्षमस्व' असं लिहिलं, खोडलं. 'आपला गैरसमज झाला असावा' असं लिहिलं, तेही खोडलं. पोरीवर जीव होता हो त्यांचा, त्यात खोट नाही. पण समितीच्या नियमांत माफीची तरतूदच नव्हती. फक्त हात जोडण्याची होती. शेवटी ते म्हणाले, "पण मामा काहून नाही त्याले?" हिमानीने दार लावून घेतलं आणि ती जेवली नाही. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

इकडे विशालने ग्रुप जिंकला होता. सगळ्यांच्या आधी शुभ सकाळ त्याची. विजयाताईंच्या सांबारवडीचा फोटो पाहून 'काकू, इथपर्यंत वास आला' असं लिहिणारा तोच. असा सभ्य, हळवा, नात्याला धरून असणारा तरुण पाहून त्याला सुरक्षा-प्रभारी नेमण्यात आलं. नेमणूक होताच त्याने गंभीर इशारा दिला: परके लोक तुमचे कोड चोरत आहेत. तेव्हा आज प्रत्येकाच्या फोनवर सहा आकडे येतील, ते घरच्या एका भरवशाच्या माणसाकडे जमा करून ठेवावेत.

घरचा भरवशाचा माणूस कोण, हे काय सांगायचं? सगळ्यांनी आकडे पाठवले. (विजयाताईंनी बेरीज करून पाठवली, त्यांना पुन्हा मागावे लागले.) एकटी हिमानी सोडून. तिने ग्रुपवर लिहिलं, "तुमच्यापैकी कोणी ह्याले पाह्यलं का कधी?"

हा प्रश्न उद्धट ठरवून काढून टाकण्यात आला. हात जोडून.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोन मुके झाले. व्हॉट्सॲप उघडेना. लोक आपापल्या फाटकात उभे राहून एकमेकांना तोंडाने शुभ सकाळ म्हणू लागले, ते काही बरं दिसत नव्हतं. ग्रुप मात्र चालू होता! सगळ्या सभासदांच्या नावाने आता एकटा विशाल बोलत होता, आणि ते वाचायला हिमानी तेवढी शिल्लक होती. सारी कॉलनी अनिलरावांच्या ओट्यावर जमली, मीही होतो, आणि हिमानी वाचून दाखवू लागली.

"बाबा, तुम्ही लिहून राहिले की तुम्ही दवाखान्यात अडकले, ताबडतोब मदत करा. त्यावर आई लिहून राहिली, काळजी नसावी, मी पण तिथंच अडकली. आणि पुढे लिहिलं, तुमचे विचार फार थोर आहेत."

"मी?" विजयाताई ओरडल्या. "असं तर मी लग्नापासून नाही म्हटलं!"

काय सांगू, ग्रुपच्या इतिहासातला तो सर्वांत सभ्य दिवस. भांडण नाही, टोमणा नाही, सगळ्यांना सगळ्यांचं पटत होतं. अर्धी कॉलनी आपलंच सौजन्य ऐकून गहिवरली. हिमानीसुद्धा, एवढं दुःख पोटात असून, वाचता वाचता खो खो हसत सुटली.

रविवारी सकाळी अनिलरावांच्या फाटकाशी एक माणूस आला. हातात संत्र्यांची पिशवी. चेहरा सगळ्यांनी लगेच ओळखला, फक्त लाल गोल नव्हता.

"मी मोरेश्वर," तो म्हणाला. "तुमचा मेसेज भेटला. 'दादा, माझं चुकलं, तुमच्यासारख्या देवमाणसाले मी ओळखलं नाही, मोठ्या मनानं माफ करा.' वाचून डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत. एवढ्या नम्रतेनं कोणी बोललं नाही जी मले आजवर. खाली तुम्ही कोड मांगितला होता, तो काही मी फोनवर देत नसतो. म्हटलं, माणूस एवढा चांगला आहे, तर जाऊनच भेटावं."

अनिलराव उभेच. विजयाताईंनी मागून ढोसलं, हो म्हणा. एक 'हाव' म्हटलं असतं की पोरीचं लग्न पक्कं. हिमानी दारात येऊन उभी राहिली होती, आणि बापाकडे पाहत होती.

"नाही जी," अनिलराव म्हणाले. घसा त्या दिवशी रजेवर होता. "ते मी नाही लिहिलं. लिहाले पाहिजे होतं. चार दिवस बसून राहिलो फोन घेऊन, जमलं नाही मले. ते चोरानं लिहिलं."

मोरेश्वरराव पोट धरून हसले. "मंग आता म्हणा तोंडानं."

अनिलराव म्हणाले. अडखळत म्हणाले, पण सगळं म्हणाले, आणि शेवटी खरे हात जोडले. हिमानी तिथेच, सगळ्यांदेखत रडली. चहा झाला, संत्री सोलली गेली, दिवस ठरला.

निघताना मोरेश्वरराव म्हणाले, "आणि तो रामाकोन्याचा शालिकराम ना, माझा सोयरा नाही, पण शेताले शेत लागून आहे. त्याले दोन पोरीच आहेत. पोरगा कुठचा?"

"असं कसं?" विजयाताई म्हणाल्या. "एवढा मायाळू पोरगा!" लग्नपत्रिका विशालला कुठल्या पत्त्यावर पाठवायची, याची त्यांना अजून काळजी आहे.

असो. तुम्ही हसलात, मला दिसलं. अनिलराव किती भोळे, असंही मनात म्हणालात. पण मी समितीचा सचिव आहे असं मी म्हणालो आणि तुम्ही मानलंत. नाव विचारलं नाहीत. ओट्यावर मी होतो म्हटलं, तेव्हा 'कुठल्या बाजूला बसला होतात?' हेही विचारलं नाहीत. तिथे कोणी माझ्याशी एक शब्द तरी बोललं का, आठवून पाहा. आणि मी 'मामा कुठचे' म्हणालो तेव्हा तुमच्या मनात तुमच्या मामाचं गाव येऊन गेलं, खरं ना?

मला माहीत आहे ते. छान गाव आहे. मी तिथलाच.

बरं, एक छोटंसं काम होतं. आत्ता तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, तेवढे जरा वाचून दाखवा. परक्याला देऊ नका, हो. ओळखलं ना मला?