बाहेरच्या कक्षेतल्या दोघी

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत पहिलीत दोन, दुसरीत आठ, तिसरीत आठ आणि चौथीत दोन अशी एकूण वीस मुलं होती. यात कोणाचाही दोष नव्हता.

पण त्या वर्षी शिक्षण विस्तार अधिकारी प्रभाकरराव वर्ध्याहून विज्ञानाचं प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांनी हजेरी पाहिली, बंडूजी मास्तरांना खुर्चीवर मधोमध बसवलं आणि मुलांना त्यांच्याभोवती इयत्तेप्रमाणे गोल बसवलं. मग गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, ही शाळा नाही. हे कॅल्शियम आहे."

"कधीपासून साहेब?" मास्तरांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा भरली. प्रभाकररावांनी तक्ता टांगून समजावलं की कॅल्शियमचे वीस इलेक्ट्रॉनही असेच दोन, आठ, आठ, दोन बसतात; बाहेरच्या कक्षेत दोन असतात. ते देऊन टाकले की आतले आठ सुखी होतात आणि कॅल्शियम स्थिर होतं. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात असतात, त्याला एक कमी पडतो. नाल्यापलीकडच्या आणि टेकडीमागच्या, दोन्ही शाळांत चौथीला सात-सात मुलं होती. सबब आमच्या चौथीतल्या दोघींना तिकडे देण्यात येत होतं.

सरपंच नानाजींनी विचारलं, "माहा नातू तिसरीत हाये. तो कोठी येते?"

"आतल्या आठांत."

"मंग होऊ द्या."

चौथीतल्या दोघी म्हणजे नत्थूजींची कोकिळा आणि देवकाबाईंची नलू. देवकाबाई उभ्या राहिल्या. "नलूले चौथी पास करून देवळीले पाचवीत टाकाची हाये जी. धाडताच त दोघीले एकाच शाळेत धाडा. सोबत होईन."

"एका क्लोरीनला एकच लागतो, बाई. दोन क्लोरीन, एक कॅल्शियम. सूत्र मी बनवलेलं नाही."

"पण लेकरू एकटं नाल्यातून जाईन कसं?"

"देणारा धन होतो, घेणारा ऋण. दोघांत प्रचंड आकर्षण असतं. ते ओढून नेतं."

आपली शाळा धन होणार हे ऐकून सभेने टाळ्या वाजवल्या.

नलू आकर्षणाच्या भरवशावर पोळ्यापर्यंत गेली. मग नाल्याला पूर आला आणि ती घरी बसली. देवकाबाई पंचायत समितीत गेल्या, तेव्हा साहेबांचा चेहरा उजळला. "बरोबर आहे. असं संयुग पाण्यात सुटं होतं. आयन मोकळे फिरतात." पलीकडच्या मास्तरांनी नलूपुढे गैरहजर लिहिलं होतं. ते खोडून 'द्रावणात' असं लिहिण्याचा आदेश गेला.

पाणी ओसरेपर्यंत पलीकडच्या शाळेने तिचं नाव कमी केलं. आपल्या शाळेला ऋण म्हटल्याने ते मास्तर आधीच चिडलेले होते. देवकाबाई बंडूजी मास्तरांकडे आल्या. मास्तर म्हणाले, "घेतो मी. पण साहेबाले इचारा लागते."

साहेब म्हणाले, "परत घेतली तर शाळा पुन्हा अस्थिर होईल. आतल्या आठांचा काय गुन्हा?"

परीक्षा झाली. नलू तेव्हा कापूस वेचत होती.

उन्हाळ्यात शाळेला स्थैर्याबद्दल पितळी ढाल मिळाली. समारंभात साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाची काही तक्रार?"

नत्थूजी म्हणाले, "तक्रार कायची जी? पोरी द्याच्याच असतात. आज नाई त उद्या." कोकिळेची शाळा त्यांनी दिवाळीलाच सोडवली होती. मंडप हसला.

देवकाबाई म्हणाल्या, "साहेब, चौथीत त्या दोघीच्या जागी सरपंचाचा नातू असता त?"

प्रभाकररावांनी ढालीमागे टांगलेल्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"तर मग," ते म्हणाले, "हे कॅल्शियम नसतं."

तुम्हीही आता हसला असाल. चार लेकरांच्या घरात एकाचंच शिक्षण थांबवायची वेळ आली, तेव्हा बाहेरच्या कक्षेत कोण बसलंय, हे ओळखायला तुम्हाला कुठे विस्तार अधिकारी लागला होता?